जयाच्या घोट्यावरची पट्टी

मी पट्टी बोलतेय. पाय मुरगळला की घोट्याला गुंडाळतात ती. मेडिकलवाले मला क्रेप बँडेज म्हणतात, पण आमच्या घाटघर गावात एवढं लांबलचक कोण बोलतंय!

गेणभाऊंनी मला जुन्नरहून आणलं, ते त्यांच्या लेकीसाठी, जयासाठी. पोरगी दोन वर्षं पोलीस भरतीसाठी पळत होती. नाणेघाटाच्या रस्त्यावर कडेच्या खड्ड्यात पाय गेला आणि घोटा सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी बजावलं, "तीन आठवडे पळायचं नाही. बर्फ लाव, पाय उशीवर ठेव. चार दिवसांत सूज उतरली नाही तर एक्स-रे फोटो काढायला ये."

भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, नवव्या दिवशी होतं.

सूज काही उतरली नाही. घोट्याच्या बाहेरच्या हाडाला नुसतं बोट लागलं तरी जया कळवळायची. पण पाचव्या दिवशी ती अंगणात चार पावलं चालली, आणि शेजारची बायडाबाई म्हणाली, "पाय टेकतोय म्हंजी हाड शाबूत हाय. मोडलं असतं तर चालली असती व्हय?" झालं! सगळ्या घराला तेच ऐकायचं होतं. अहो, चीर पडलेल्या हाडावरही माणूस चालतं. पण माझं कोण ऐकणार?

नवव्या दिवशी सकाळी गोजरबाई लेकीला पट्टी बांधायला बसली.

"आई, अजून आवळ."

"अगं, बोटं काळीनिळी पडतील."

"पडू दे. आठशे मीटर तर पळायचंय."

माऊलीनं सगळा जोर लावून मला आवळलं. मला माझीच लाज वाटली. माझ्या भरवशावर पोरगी पळणार होती, आणि मला तर फक्त सूज आवरता येते.

मैदानावर दुसऱ्या फेरीत वळणावर जयाचा पाय आत मुडपला. तरी ती लंगडत शेवटच्या रेघेपर्यंत गेली. तोवर वेळ संपली होती.

दवाखान्यात मला कात्रीनं कापलं. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "चीर आधीचीच असणार. आता हाड सरकलंय, ऑपरेशन लागेल." गोजरबाई एवढंच म्हणत राहिली, "मी तर चांगली घट्ट बांधली व्हती वो."

आता मी दवाखान्यातल्या कचऱ्याच्या बादलीत पडलेय. थोड्या वेळानं मला नेतील. जाता जाता सांगते राव, हाडावर बोट ठेवून कळ आली तर आधी फोटो काढा, मग मला बांधा, तेही बेतानं. आणि त्या माऊलीला कुणीतरी जरा बाहेर बसवा. ती मघापासून लेकीच्या पायाशी उभी आहे, आणि लेक तिच्याकडं बघत नाहीये.