उलटं झाकण

जुळे सोलापुरात राहणाऱ्या सिद्धेश्वरीला आपण काढलेल्या आकृतीचा भारी अभिमान होता. अकलूजजवळच्या दूध संकलन केंद्रासाठी तिने नव्या सॉफ्टवेअरचा आराखडा काढला होता, तोही पुण्याच्या साहेबांनी ठरवून दिलेल्या खुणांतच. यंत्राला चौकोन, माहिती जाईल तिकडे बाण, आणि माणूस म्हणजे काड्यांचं चित्र, सगळ्या चौकोनांच्या बाहेर उभं. आज ती सहीसाठी केंद्रावर आली होती; सही मिळाली की उद्यापासून काम सुरू.

सचिव सयाजीरावांना वाचायचा जेवढा कंटाळा, तेवढाच सहीचा उत्साह. त्यांनी पेन उघडलंही. तेवढ्यात सोजरबाई कागदावर वाकली. वीस वर्षं ती दारात बसून प्रत्येक कॅन उघडत होती आणि दुधाचा वास घेत होती. अक्षरओळख नव्हती, पण बाणांवरून बोट फिरवत ती थेट टाकीपर्यंत पोचली.

"ह्यात मी कुटं हाय?"

सिद्धेश्वरीने काड्यांचं चित्र दाखवलं.

"आन मी न्हाय म्हनले, तर त्याची रेघ कुटं हाय?"

सिद्धेश्वरीने एकेक बाण पुन्हा तपासला. सगळे बाण पुढेच जात होते. वजन झालं, फॅट लागली, दूध टाकीत. यंत्राला वास कळत नाही, म्हणून तिने तो आकृतीतून गाळला होता. आता एक नासका कॅन टाकीभर दूध घालवणार होता, आणि सोजरबाईचं काम तर या सहीनेच गेलं असतं. सिद्धेश्वरीला स्वतःची लाज वाटली.

मावशी, तुम्ही नाही म्हणता म्हणजे काय करता, असं तिने विचारलं. सोजरबाईने एका कॅनचं झाकण उलटं ठेवून दाखवलं. असा कॅन कुणी उचलत नाही, हे हमालापासून गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

सिद्धेश्वरीने सयाजीरावांच्या पेनाखालून कागद ओढून घेतला. आत सोजरबाईसाठी एक नवा चौकोन काढला, त्यातून मागे जाणारा बाण, आणि बाणावर उलटं झाकण. मग पुण्याला फोन लावून नवी खूण सांगितली. ही खूण कुठल्या पद्धतीतली, आपल्या यादीत तर नाही, म्हणून साहेब कुरकुरले.

"मग यादीत घाला, सर. इथं ती वीस वर्षं चालतेय."

साहेब शेवटी हो म्हणाले. सयाजीरावांनी या वेळी वाचून सही केली. सोजरबाईने कागदावर पुन्हा कॅनपासून बोट फिरवलं आणि झाकणापाशी थांबवलं.

"व्हय. ही मी," ती म्हणाली, आणि पुढचा कॅन उघडायला गेली.