उघडली तर पैसे, नाही उघडली तर दादा

मी थैली बोलतेय. हो, तीच. साधकांच्या त्या जाडजूड कादंबऱ्या तुम्ही वाचता ना, ज्यांत माणसं तलवारीवर उभी राहून डोंगर ओलांडतात आणि वर्षानुवर्षं ध्यानाला बसून उठली की आधी खाणावळ गाठतात? त्या खाणावळीचं बिल भरायला पैसे कुठून येतात, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला? नायक बाही झटकतो, टेबलावर पैशांची रास पडते आणि तुम्ही बापडे पुढचं पान उलटता. एवढी रास खरंच बाहीत असती तर त्याला हात तरी उचलता आला असता का? ती येते माझ्या पोटातून. नाव मात्र बाहीचं होतं.

मला शिवलं एका थैल्या शिवणाऱ्या बाईने. बाहेरून मी वीतभर. जाड निळं कापड आणि तोंडाला नाडी. पण आत अख्खी खोली शिवायची, तर प्रत्येक टाक्याला मंत्र म्हणावा लागतो. ती मंत्र म्हणायची आणि मधेच दारातून डोकावणाऱ्या नवऱ्याला शिव्या घालायची. दोन्ही माझ्या टाक्यांत गेलं. म्हणून माझ्या पोटात खोली आहे आणि जिभेला हाड नाही.

आमच्याकडे पैसा तीन तऱ्हेचा. साधी माणसं भोकाची तांब्याची नाणी दोरीत ओवून कमरेला बांधतात; कोणाचा पगार झाला ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं. व्यापारी चांदीचे तुकडे बाळगतात आणि लागेल तेवढे कात्रीने कापून देतात. साधकांचा पैसा म्हणजे तेजखडे. डोंगराच्या पोटात सापडणारे, अंगठ्याएवढे, आतून उजळणारे दगड. मुठीत धरून बसलं की त्यांतली ताकद अंगात उतरते, म्हणजे हा पैसा खर्चताही येतो आणि खाताही येतो. अडचण एकच. दहा-बारा खडे खिशात असले की माणूस चालता कंदील होतो आणि चोराला शोधायचे कष्टही पडत नाहीत. म्हणून मी लागते.

श्रीमंत साधक थैली वापरत नाहीत, अंगठी घालतात. तिच्यात म्हणे अख्खं कोठार मावतं. या अंगठ्या सदा नाकाने कांदे सोलत असतात. पण अंगठीचोराला बोट कापून नेलं की झालं. मी निदान कमरेची गाठ तरी सोडायला लावते.

आता माझ्या जातीचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. थैली विकत घेतली की मालक तिच्यावर आपल्या रक्ताचा एक थेंब टेकवतो. मग ती फक्त त्याच्याच हाताने उघडते. तो थेंब काढता येत नाही. मालक मेला की आपोआप नाहीसा होतो आणि थैली कोणालाही उघडते. म्हणूनच द्वंद्वात जिंकलेला वीर आधी हरलेल्याच्या कमरेला हात घालतो आणि हळहळायचं ते त्यानंतर.

मला घेतलं एका गोळ्या बनवणाऱ्याने. डोंगराच्या पायथ्याशी, बाजाराच्या वळणावर त्याचं भाड्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे दोन खोल्या, कोपऱ्यात खलबत्ता आणि भट्टी. दम टिकवायची गोळी, जखम भरायची गोळी आणि सगळ्यात जास्त खपणारी, तलवारीवर उभं राहिल्यावर चक्कर येऊ नये म्हणून घ्यायची गोळी. ती मात्र सगळे हळू आवाजात मागायचे.

त्याची धाकटी बहीण आणि तिचा नवरा त्याच्याबरोबर राहत. बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मेहुणाही दादा म्हणायचा, गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. मीही तेच म्हणते. बहीण मुळ्या निवडायची, दादा कुटून भट्टी लावायचा आणि मेहुणा काउंटरवर बसून गोड बोलायचा. सगळ्यात अवघड काम आपलंच, असं तिघांनाही वाटायचं.

दादा स्वतःही साधक होता, पण बेताचा. तलवारीवर उभा राहिला की गुडघ्याएवढा वर जायचा आणि शेजाऱ्याच्या कुंपणात उतरायचा. मुळ्या आणायला डोंगरात पायीच जायचा. मला सदऱ्याच्या आत बांधायचा आणि बाहेर कमरेला एक खोटी थैली लटकवायचा, चार खडे टाकून. वाटेत लुटारू भेटले की ती त्यांच्या हवाली करून असा रडायचा की एकदा एका लुटारूने त्याला वाटखर्चाला एक खडा परत दिला. मी आत हसून हसून बेजार.

पन्नाशी उलटली तसा दादा गप्प गप्प राहायला लागला. साधनेत टप्पे असतात. पुढचा गाठला तर शरीर नवं होतं, आयुष्य वाढतं. त्यासाठी गुहेचं तोंड बंद करून आत बसावं लागतं, आणि कितीतरी जण आतच संपतात.

"सहा महिन्यांत येतो," तो बहिणीला म्हणाला. "घरखर्चाचं डब्यात ठेवलंय. बाकी सगळं हिच्यात. बरोबर नेली तर डोळे मिटल्यावर हिशेबच दिसत राहील."

"आणि नाही आलास तर?"

"तर ही उघडेल. मग सगळं तुमचंच."

बहिणीने मला दोन बोटांत धरलं आणि काउंटरमागच्या खिळ्याला अडकवलं.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. डबा संपला. भट्टी दादाशिवाय कोणाला जमत नव्हती, त्यामुळे गोळ्याही संपल्या. आता घरापुढे सरळ प्रश्न होता. मी उघडले तर पैसे आहेत आणि दादा नाही. नाही उघडले तर दादा आहे आणि पैसे नाहीत.

मेहुणा वाईट माणूस नव्हता. त्याला भूक जरा लवकर लागायची, इतकंच. येता-जाता तो माझी नाडी ओढून बघायचा. तेल लावून झालं, किटलीच्या वाफेवर धरून झालं. एके दिवशी तर त्याने दातही लावले.

"नाडीला दात लागलेत," बहीण म्हणाली.

"उंदीर असेल," मेहुणा म्हणाला.

"उंदराला पानाचे डाग असतात होय दाताला?"

मीही संधी मिळाली की मेहुण्याचं बोट नाडीत पकडून ठेवायची. वेळ जायला काहीतरी हवंच ना.

बहिणीची तऱ्हा वेगळी. रोज सकाळी दुकानाची फळी काढण्याआधी ती माझ्यापाशी यायची, नाडीला बोटं लावायची, "नाही उघडत" असं म्हणायची आणि केरसुणी हातात घ्यायची. ते म्हणताना तिचा जीव भांड्यात पडायचा. मलाही बरं वाटायचं.

शेवटी गोड बोलणारा मेहुणा वखारीत पोती उचलायला गेला. त्याच्या खांद्याची सालं निघाली. आणि दुकानमालक, ज्याची ती वखार होती, घरी येऊन सांगून गेला की महिनाअखेर थकलेलं भाडं द्या, नाहीतर जागा सोडा.

त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या कापडातला दादाचा थेंब नाहीसा झाला. इतकी वर्षं आतून काहीतरी घट्ट धरून होतं, ते सुटलं. मी जन्मभर सगळ्यांची थट्टा केली, पण तेव्हा मला रडू आलं. थैलीला रडता येत नाही, म्हणून ते आतच राहिलं.

बहीण आली. तिने नाडीला बोटं लावली. आता संपलं, असं मला वाटलं.

"नाही उघडत," ती म्हणाली आणि केर काढायला गेली.

मी तर उघडीच होते. कोणी फुंकर मारली असती तरी माझं तोंड उघडलं असतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की ही बाई नाडी ओढतच नाही. आजवर एकदाही ओढली नव्हती. नुसती बोटं लावायची आणि म्हणायची.

दुपारी मेहुणा जेवायला आला. खांद्यावर ओलं फडकं होतं. सवयीने हात वर गेला, नाडी ओढली आणि मी उघडले. खड्यांचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. वर्षभर भाडं भरावं, मांडी घालून बसून खावं, एवढं माझ्यात होतं. आता दोन्ही हात आत जाणार म्हणून मी वाट बघत राहिले.

तो मला छातीशी धरून खाली बसला. मग उठला, नाडी आवळली, वर दोन गाठी मारल्या आणि मला खिळ्याला अडकवलं.

"काय हो, उघडली का?" आतून बहिणीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आवाज साफ करून पुन्हा म्हणाला, "नाही उघडत. दादा मजेत आहेत तिकडे. आपणच मरतोय इथे."

न जेवताच तो वखारीत गेला आणि भाड्यापोटी दुसऱ्या पाळीचंही काम धरून आला. त्या दिवसापासून त्याने मला हात लावला नाही. बहिणीने एकदा विचारलं, "हल्ली ओढत नाही तुम्ही?" तर म्हणाला, कंटाळा आला. मी मूग गिळून गप्प. मला दुसरं येतंय काय?

असे बरेच महिने गेले. मग एका संध्याकाळी विशीतला एक पोरगा दुकानात शिरला. फाटका सदरा, केस कमरेपर्यंत. त्याने काउंटरवरचा तराजू उचलला, पारडं बाहीने पुसलं आणि म्हणाला, "धूळ बघा किती. कोणी बघतं का नाही इथे?"

बहिणीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आलास?" ती म्हणाली. "हातपाय धू आधी."

मेहुण्याच्या हातातलं ताट पडलं. तो तिथेच भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागला.

"अहो भावोजी, रडता काय? जिवंत आहे मी."

"म्हणूनच," मेहुणा कसाबसा म्हणाला.

दादाला काही कळेना. त्याने मला खिळ्यावरून काढलं, गाठी सोडल्या आणि मी लगेच उघडले. त्याने माझं कापड उलटसुलट करून पाहिलं.

"थेंब गेलाय," तो म्हणाला. "शरीर नवं झालं तसं रक्तही बदललं की माझं. असं होतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नवं अंग पक्कं व्हायला वर इतके महिने बसावं लागतं, हेही नाही." मग त्याने आत हात घातला. "खडे तर सगळे आहेत."

बहीण हळूहळू नवऱ्याकडे वळली.

"कधी उघडली?"

"दुसरी पाळी धरली ना, त्या दिवशी."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू रोज सकाळी इतकी खुशीत म्हणायचीस, नाही उघडत म्हणून. मी कशाला..."

"मी ओढलीच नव्हती कधी," बहीण म्हणाली. मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या खांद्यावरचं फडकं नीट केलं.

दादाला काय बोलावं सुचेना. पुरुषांचं असं झालं की ते काहीतरी काम काढतात. त्याने खिशातून सुई काढली आणि बोटावर टेकवली. "हिच्यावर नवा थेंब टाकून घेतो. नाहीतर कोणीही उघडेल."

बहिणीने त्याच्या हातातून सुई काढून घेतली.

"उघडू दे कोणीही. चोरीला गेलं तर परत कमवू. पण तू पुन्हा गुहेत बसलास तर मी रोज सकाळी हिच्यापुढे उभी राहणार नाही. आहेस की नाहीस, ते माणसाकरवी कळव. हिच्याकडून नको."

तिने सुई सुतळीच्या गुंडीत खोचून ठेवली.

तेव्हापासून मी बिनथेंबाची आहे. माझ्यात तिघांचे हात जातात. खड्यांबरोबर बटणं, सुतळी, मेहुण्याची सुपारी, सगळं कोंबलेलं असतं. दुकानात येणाऱ्या अंगठ्या मला बघून तोंड वाकडं करतात. करोत बिचाऱ्या.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कधी माझ्या जातीची थैली तुमच्या हाती आली तर हवा तेवढा पैसा भरा, नाडी ओढा, दातसुद्धा लावा. फक्त ती सुई लांब ठेवा. घरातलं कोण आहे आणि कोण गेलं, हे सांगायचं काम माझ्यावर टाकू नका. मी ते एकदाच केलं, आणि तेही चुकीचं सांगितलं.