कोरडा शिधा

आमच्या घरात एकाच महिन्यात दोन लेकरं आली. एक दवाखान्यातून, दुसरं नांदेडच्या संस्थेतून. पेढे दोन्ही वेळा वाटले. त्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हात आखडता घेतला नाही, खोटं कशाला बोलू. फरक पेढ्यांत नव्हताच. तो मला डिंकाच्या लाडवांनी दाखवला.

पहिलं लेकरू नणंदेचं. वर्षाराणी पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे लातूरला आलेली. दुसरं माझं. विशाखा, सव्वा वर्षाची. नाव संस्थेनं ठेवलेलं, आम्हाला आवडलं म्हणून तेच राहू दिलं. तिच्यासाठी मी आणि माझे नवरोबा बसवंत यांनी कितीतरी वर्षं वाट पाहिली. फोन वाजला की हातातलं काम टाकून मी धावायची. शेवटी एकदाचा तो फोन आला, आम्ही नांदेडला गेलो, आणि एका मावशींनी एक गोरीगोमटी पोर माझ्या हातात दिली. ती माझ्याकडे बघून रडली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं, किती शहाणी.

शहाणपण दोन दिवस टिकलं. मग रात्री ओरडत उठायला लागली. उचलून घेतलं की अंग लाकडासारखं ताठ करायची आणि दोन्ही हातांनी मला लोटायची. खाली ठेवलं की भिंतीकडे तोंड करून पडायची, स्वतःच स्वतःला झुलवायची आणि तशीच झोपायची. बसवंतकडे मात्र जायची. त्यांचं काय, गंजगोलाईतलं भांड्याचं दुकान बंद करून यायचे, तिला खांद्यावर घेऊन अंगणात चार चकरा मारायचे आणि पोरगी किती गुणाची आहे म्हणत जेवायला बसायचे. घडीभर घेतली तर सगळीच पोरं गुणाची असतात.

माझी झोप उडाली. केस मुठीनं गळायला लागले. भाजी फोडणीला टाकून मी तिथंच उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. पण कुरकुर करायची कुणापुढे? पोटी आलेल्या लेकरावर वैतागलं तर लोक हसतात, मागून आणलेल्या लेकरावर वैतागलं तर ताडकन म्हणतात, तुम्हालाच हौस होती ना. आणि खरी गोष्ट तर मी कुणाला सांगूच शकत नव्हते. मला ती आवडत नव्हती. तिला न्हाऊ घालताना शेजारणीचं लेकरू न्हाऊ घालतेय असं वाटायचं. इतकी वर्षं देवापुढे पदर पसरला, त्यानं पदरात घातलं, आणि आता मला ते नको झालं होतं. माझीच मला किळस यायची.

पलीकडच्या खोलीत वर्षाराणीचं बाळंतपण थाटात चाललं होतं. नणंद गुणी आहे, तिच्यावर माझा राग नव्हता. खाटेखाली शेगडी, डोक्याला रुमाल, कानात कापूस, अंग रगडायला रोज एक बाई. बाळ रडलं की आत्याबाई उचलायच्या आणि लेकीला म्हणायच्या, तू नीज. गल्लीतली येईल ती बाई खोबरं, खारीक, डिंक असं काहीबाही घेऊन यायची. एका चिक्कू चुलतीनं खवट खोबरं आणलं, तेव्हा वर्षाराणीनं नाक मुरडलं आणि परत देऊन टाका म्हणाली. आत्याबाई रागावल्या. बाळंतिणीच्या नावानं आलेला शिधा परत लावायचा नसतो, लेकराला लागतं. खवट असला तरी ठेवून घ्यायचा, असं त्यांनी तिला चांगलं ऐकवलं. आमच्या घरात आत्याबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या रोज विभूती लावून, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा करतात, बाहेरचं शिजलेलं तोंडात घालत नाहीत, आणि एकदा बोललं की बोललं.

आलेल्या बाया विशाखालाही बघायला यायच्या. बरं झालं बाई, कळा न सोसता लेकरू मिळालं, असं म्हणायच्या आणि वर मलाच चहा ठेवायला सांगायच्या.

डिंकाचे लाडू करायचं काम माझ्याकडे आलं. घरात मोकळी मीच होते ना! आदल्या रात्री विशाखानं डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तुपात डिंक फुलवला, खोबरं भाजलं, खारकेची पूड, गोडंबी, खसखस घालून गुळाच्या पाकात लाडू वळले. वळता वळता मला एकदम भूक लागली. सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. एक लाडू उचलून तोंडाला लावला, तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"अगं शिवगंगा, ते बाळंतिणीचं हाय," त्या म्हणाल्या. "तिची झीज झालीय, म्हून द्यायचं असतंय. तुला उष्ण पडंल."

त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. काळजीनंच म्हणाल्या. त्या कुजकं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मी लाडू ताटात ठेवला, न्हाणीत गेले, नळ सोडला आणि रडले. त्याच वेळी ठरवलं, पोर परत द्यायची.

संस्थेचे संघपाल सर घरी पाहणीला येणार होते. दत्तकाचा पक्का आदेश अजून व्हायचा होता आणि तोपर्यंत नाही म्हणता येतं, हे मला माहीत होतं. बसवंतना मी काही बोलले नाही. तेवढ्यात सरांचाच फोन आला. नांदेडला दत्तक पालकांचा मेळावा आहे, सगळ्यांनी या म्हणाले. लग्नसराईमुळे बसवंतना दुकान सोडता येईना. म्हटलं, बरंच झालं, तिथंच सरांना बाजूला घेऊन सांगून टाकू. विशाखाला घेऊन मी एकटीच एस.टी.त बसले. सगळा रस्ता ती खिडकीकडे तोंड करून होती आणि मी तिच्या टाळूकडे बघत होते. हिला काय सांगणार आहोत आपण, हा विचार मनात आला की मी तो झटकून टाकत होते.

मेळावा म्हणजे एका शाळेतला हॉल, सतरंज्या आणि माईक. एकेक आईबाप उठून बोलत होते. लेकरू आल्यापासून घराचं गोकुळ झालं, आमचं नशीब उघडलं, हीच आम्हाला घेऊन आली. टाळ्या. मी ऐकत होते आणि आत आत बुडत होते. म्हणजे सगळ्यांना जमलं, मलाच जमलं नाही. सर माईकपाशी अडकलेले. मी विशाखाला काखोटीला मारून बाहेर नळावर आले.

नळावर एक बाई डबा विसळत होती. हातभर बांगड्या, डोक्यावर ओढणी. शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा पाणी उडवत होता. बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं. आजवर सगळ्यांनी आधी विशाखाकडे पाहिलं होतं. मग तिनं विचारलं, जेवलीस का?

मी मानेनंच नाही म्हटलं. तिनं डबा खाली ठेवला आणि मला पायरीवर बसवलं. तिचं नाव चांदबी, कंधारला तिचं बांगड्यांचं दुकान, मुलगा साद. किती दिवस झाले आणून, झोप होते का, घरी कोण कोण आहे, असं तिनं एकेक विचारलं आणि मी एकेक सांगत गेले. लाडवाचंही सांगितलं. शेवटी परत द्यायचंही सांगितलं, कारण आता लपवून काय करायचं होतं. मला वाटलं, ही आता कानाला हात लावेल.

"मला साद आवडायला किती दिवस लागले, सांगू का?" ती हळूच म्हणाली. "पहिली ईद गेली, बकरी ईद गेली, तवर मी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं न्हाई. खायला घालायची, धुवायची, बस. दर्ग्यात जाऊन मागितलेला पोरगा. कुणाला सांगणार?"

मी सादकडे बघितलं. तो विशाखाच्या हातावर पाण्याचे थेंब टाकत होता आणि ती थेंबाकडे बघत होती.

चांदबीनं पुढचं सांगितलं. तिच्या वेळी भोकरची एक बाई अचानक दारात येऊन उभी राहिली होती. तीही दत्तक आई. आठवडाभर राहिली, सादला सांभाळलं आणि चांदबीला झोपवलं, खाऊ घातलं. जाताना म्हणाली, माझे पैसे-बिसे नाहीत, पुढची भेटली की तिचं तू कर. पोटातून लेकरू आलं की चाळीस दिवस सगळी दुनिया बाईला जपते, आपल्याकडे लेकरू दारातून येतं म्हणून कुणाला बाई दिसतच नाही, असं काहीसं ती बोलत होती. मग म्हणाली, सरांना सांगायचं ते सांग, तुझा हक्क आहे. पण आज नको. घरी येतील तेव्हा सांग. तवर मी एक चक्कर मारते.

लोक असं बोलतात आणि विसरतात. मी पत्ता दिला आणि विसरून गेले.

चार दिवसांनी दुपारी चांदबी आमच्या दारात उभी. हातात जड पिशवी, कपाळाला घाम. मला धडकीच भरली. एवढ्या लांबून आलेली बाई लाडू करून आणणार, आत्याबाई ते बाजूला सारणार आणि माझी मान खाली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आत्याबाईंनी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या. दोघी एकमेकींना जोखत होत्या. चांदबीनं पिशवीतून एकेक पुडी काढून जमिनीवर मांडली. खोबऱ्याच्या वाट्या, खारीक, डिंक, गोडंबी, खसखस, गुळाची ढेप. वर एक नवा पांढरा रुमाल.

"सगळं कोरडं हाय, अम्मा," ती म्हणाली. "माझ्या चुलीवर काई चढलेलं न्हाई. तुमच्या हातानं करा."

आत्याबाईंचा चेहरा जरा सैल झाला. वर्षाराणीचे लाडू झालेत, तरी असू दे, अडीअडचणीला होतील, असं म्हणून त्या पुड्या गोळा करायला लागल्या.

"हे वर्षाराणीचं न्हाई. शिवगंगाचं हाय."

आत्याबाईंचा हात तिथंच थांबला. "हिचं कुठं बाळंतपण झालंय?"

"चालूच हाय की. तुमच्याच घरात." चांदबीचा आवाज चढला नाही. "तुमच्या लेकीची नऊ महिने लेकराशी ओळख होत होती. हिच्या हातात एकदम दिलं, चालतं-फिरतं, दुसऱ्याच्या सवयीचं. ते रातभर हिला लोटतंय, ही रातभर जागतीय. केस बघा तिचे. झीज काय निस्ती पोटाचीच होती का?"

मी दारात उभी होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. केसांकडे, डोळ्यांखाली, हातांकडे. इतक्या दिवसांत त्यांनी मला असं पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना पाहू दिलं नव्हतं.

आतल्या खोलीतून वर्षाराणीचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती, लबाड.

"आई, बाळंतिणीच्या नावानं आलेला शिधा परत लावायचा नसतोय. लेकराला लागतंय."

आत्याबाईंनी सगळ्या पुड्या पदरात घेतल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं खोबरं किसायचा आवाज यायला लागला. खोबरं किसताना त्या पुटपुटत होत्या, नेमकं काय ते कळलं नाही, पण त्यात माझं नाव होतं. चांदबी संध्याकाळच्या गाडीनं जायची होती, तोवर तिनं विशाखाला अंगणात खेळवलं आणि मी वर्षाराणीच्या खाटेशेजारी जमिनीवर मेल्यासारखी झोपले.

दुसऱ्या दिवशी अंग रगडायला येणाऱ्या बाईला आत्याबाईंनी सांगितलं, लेकीचं झालं की सुनेला बी तेल लाव. बाई बघतच राहिली. मग त्यांनी माझ्या डोक्याला तो पांढरा रुमाल करकचून बांधला, हातात लाडू दिला आणि समोर उभ्या राहून खायला लावला. विशाखा रात्री ओरडली की आता त्याही उठायच्या. बसवंतना दुकानातून दुपारी घरी बोलावून पोर सांभाळायला बसवलं; त्यांना पोरगी खरंच किती गुणाची आहे ते आठवड्यात कळलं. मी त्यांना न्हाणीत ठरवलेलं ते सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस.

प्रेमाचं म्हणाल तर ते लगेच आलं नाही. फक्त तिला न्हाऊ घालताना माझे दात आवळले जाईनासे झाले. एका दुपारी दार लावून आम्ही दोघी निजलो होतो. ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून. माझा डोळा लागत होता आणि मागे सरकत सरकत तिचा तळपाय माझ्या पोटाला टेकला. तिनं पाय काढला नाही.

त्याच वेळी बाहेर कुणीतरी कडी वाजवली. संघपाल सरांचा आवाज मी ओळखला. ते पाहणीला आले होते, विशाखाच्या आईशी बोलायचं आहे म्हणत होते. उठायला हवं होतं. ह्याच माणसाला सांगायचं म्हणून मी इतक्या रात्री शब्द जुळवले होते. मग आत्याबाईंचा दबका आवाज आला.

"हळू बोला, साहेब. बसा जरा, चहा घ्या. आत्ता कुणाला उठवता येणार न्हाई. घरात दोन बाळंतिणी निजल्यात."

तो पाय अजून तिथंच होता. मी उठले नाही. मला झोप लागली.