व्हिडिओतला तिसरा हात

"सोडा मामा, सोडा! दुखतंय!"

संयोगिता ओरडली आणि घरातल्या बारा-तेरा बायका खो खो हसल्या. ओरडणारी माझी मुलगी सत्तावीस वर्षांची, पुण्यात कंपनीत कामाला, हाताखाली दहा माणसं. पण हिरव्या काचेच्या बांगडीपुढे तिचा अधिकारीपणा गळून पडला होता. बाबालाल मणेर तिच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि तिचा उजवा हात त्याच्या दोन्ही हातांत होता. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं की पंजा आवळला जातो आणि बांगडी मनगटाकडे उतरते. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता.

"ताई, हात सैल सोड. जेवढी आखडशील तेवढं दुखंल."

"एक माप मोठी द्या ना मग!"

"मोठी द्यायला काय बैलाच्या गळ्यात बांधायची हाय? बांगडी हाताला बसाय पायजे."

पुन्हा हशा. संयोगिता हात मागे ओढत होती, म्हणून मी पाठीमागून तिचं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. माझी भाची राणी समोर उभी राहून फोनवर शूटिंग करत होती. चुडा भरून झाल्यावर संयोगिता रीतीप्रमाणे बाबालालच्या पाया पडली, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुरणपोळी खाल्ली आणि स्कूटीला बांगड्यांची पेटी बांधून तो आष्ट्याला गेला.

बाबालाल आष्ट्याचा. आमचं गाव तिथून पाच-सहा किलोमीटरवर. माझं माहेरही त्याच्याच फेरीतलं, त्यामुळे माझ्या लग्नाचा चुडाही त्यानेच भरलेला. त्या दिवशी माझी आई म्हणाली होती, "सासरी कोण न्हाई आलं तरी ह्यो येतोय बघ. भाऊच समज." आणि खरंच, दर गुरुवारी तो यायचा. मी अंगणवाडी सेविका. पंधरा वर्षं गावातल्या पोरांची आणि गरोदर बायकांची वजनं करते, पण कितीदा तरी बाबालाल माझ्या वजनकाट्याच्या आधी सांगायचा. "आक्का, त्या माळावरच्या सुनंचा हात बघा. दिवाळीत ज्या बांगड्या अडकत हुत्या त्या आता कोपरापतूर जात्यात. पोटात काय जात न्हाई तिच्या." मी जाऊन बघावं तर तसंच असायचं.

आता माझ्याविषयी एक सांगते. मी गप्प बसणारी बाई नाही. ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून मी ग्रामसेवकाला घाम फोडलेला आहे. गावात माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. घरी माझे यजमान दादासो म्हणतात, "हिला माईक द्यायची गरजच न्हाई." हे मी मिरवायला सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

लग्न मे महिन्यात झालं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आठ सेकंदांचा. दाढीवाला एक माणूस खाली वाकलाय, एका पोरीचा हात दोन्ही हातांनी दाबतोय आणि ती ओरडतेय, "सोडा, सोडा! दुखतंय!" आमचा हशा कापलेला. 'मामा' हा शब्दही कापलेला. चेहरा कुणाचाच नाही, फक्त त्याचा. वर लाल अक्षरांत लिहिलेलं : 'आपल्या लेकीबाळींचे हात कुणाच्या हातात देताय?'

राणीने हौसेने स्टेटसला ठेवलेला व्हिडिओ कुणीतरी उचलून कापला होता. मी लगेच ओळखलं; चुड्याला हजर असलेल्या बायकांनीही ओळखलं असणार, पण ग्रुपवर कुणीच तसं लिहिलं नाही. मनगटाजवळचा तीळ संयोगिताचा. आणि त्या मुलीचं कोपर धरणारा आणखी एक हात कोपऱ्यात दिसत होता, जाडसर, मधल्या बोटावर भाजल्याचा डाग असलेला. तो माझा. व्हिडिओत तीन माणसांचे हात होते आणि गाव फक्त एकाच माणसाविषयी बोलत होतं.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी, लाज वाटते तरी. तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा बघितला, आणि सहाव्या वेळी मलाच ते दाबणं वेगळं दिसायला लागलं. मी तिथं होते, कोपर धरून होते, हसत होते. तरीसुद्धा. चाळीस वर्षांची ओळख पुसायला आठ सेकंद पुरले.

त्या गुरुवारी बाबालाल नेहमीसारखा आला. त्याच्याकडे साधा फोन, त्याला काही माहीत नव्हतं. माझी अंगणवाडी पाराच्या समोरच आहे. मी पोरांना खिचडी वाढत होते, तेवढ्यात बाहेर आवाज चढले म्हणून खिडकीशी गेले. माझ्या दिराचा मुलगा वीरधवल आणि पाच-सहा पोरांनी स्कूटी अडवली होती. वीरधवल वाईट मुलगा नाही. मी आजारी पडले तेव्हा सांगलीला दवाखान्यात माझ्यापाशी तोच राहिला होता. त्याने फोन बाबालालच्या डोळ्यांसमोर धरला.

"ह्यो तूच न्हवं?"

बाबालाल त्याला लहानपणापासून ओळखत होता. त्याचं 'तू' ऐकून तो क्षणभर थांबला. मग चष्मा वर करून बघितलं. "मीच की. चुडा भरतोय."

"पोरगी कुणाची?"

बाबालालने पुन्हा फोनकडे बघितलं. नंतर मान वर केली आणि सरळ माझ्या खिडकीकडे बघितलं. मी हातात पळी घेऊन उभी होते. त्याला घर ठाऊक होतं, पोरगी ठाऊक होती, हात माझा आहे हेही त्याने ओळखलं होतं. 'त्या आक्काला इचारा,' एवढं म्हणाला असता तर सुटला असता.

त्याने नजर काढून घेतली. "ध्यानात न्हाई बाबा. लग्नसराईत शे-दीडशे चुडं भरतो."

"ध्यानात न्हाई का सांगायचं न्हाई?"

"न्हाई ध्यानात."

पारावर बसलेले म्हातारे तात्याबा म्हणाले, "आरं पोरांनो, ह्यो कवापासनं येतोय. बांगडी भरताना दुखतंयच की."

"तात्या, तुमचा काळ येगळा हुता," एक जण म्हणाला आणि तात्याबा पंच्याने तोंड पुसत बसले.

शब्द माझ्या घशापर्यंत आले होते. 'तो हात माझ्या संयोगिताचा आहे, आणि कोपर मी धरलंय.' बस, एवढंच. पण संयोगिताला उंब्रजला दिल्याला जेमतेम दीड महिना झाला होता. तिचं नाव चौकात निघालं, कुणी फोन लावला, सासूने विचारलं, 'तुमच्या पोरीचा व्हिडिओ गावभर कसा?' मग? हे सगळं मी त्या दोन मिनिटांत मनात मांडून बघितलं. माणूस घाबरला की त्याचं डोकं किती भराभर चालतं!

"माफी माग."

बाबालालने हात जोडले. "काय चुकलं असंल तर माफ करा."

"असंल न्हाई. चुकलं म्हण."

"चुकलं."

"परत गावात यायचं न्हाई."

"न्हाई येत."

त्याने स्कूटी सुरू केली नाही. हँडल धरून वेशीपर्यंत ती ढकलत नेली. मागे एका पोराने माझा पदर ओढला, "बाई, खिचडी." मी वळले आणि वाढायला लागले.

संध्याकाळी दादासोंना सांगितलं. ते म्हणाले, "गप बस. पोरीचं नाव येईल." पण खापर त्यांच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. त्यांनी सांगायच्या आधीच मी गप्प बसले होते.

श्रावणात, लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला संयोगिता माहेरी आली. हातात चुड्यातल्या तीनच बांगड्या उरल्या होत्या, बाकीच्या कुठे कुठे आपटून वाढलेल्या. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आई, मामांना फोन कर. पंचमीच्या बांगड्या भरायच्यात."

"ते आता येत नाहीत गं," मी म्हणाले.

"का?"

मी लसूण सोलत होते, सोलतच राहिले. तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "त्या व्हिडिओमुळे?"

"तू बघितलास?"

"आत्यांनीच पाठवला मला!" आत्या म्हणजे तिची सासू. "त्यांना कुठून तरी आला, त्यांनी मला पाठवला, 'बघ बाई काय चाललंय' म्हणून. मी लगेच सांगितलं, आत्या, हा माझाच हात आहे आणि हे आमचे बाबालालमामा. तर इतक्या हसल्या! म्हणाल्या, मी तर माझ्या चुड्याच्या वेळी मणेराला शिव्या घातल्या होत्या. मग त्यांनीच त्यांच्या ग्रुपवर लिहिलं, हे खोटं आहे म्हणून." ती थांबली. "तू पण सांगितलं असशीलच ना गावात?"

मी पुढचा लसूण सोलायला घेतला. माझ्या मुलीने मला पहिल्यांदाच गप्प बसलेलं बघितलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही. ज्या घराच्या भीतीने मी तोंड शिवून घेतलं होतं, त्या घरात ही गोष्ट एका वाक्यात मिटली होती.

पारावर काय घडलं ते मी तिला सांगितलं, आणि दुपारी वीरधवल बहिणीला भेटायला आला. संयोगिताने मनगट त्याच्यापुढे धरलं. "तीळ ओळखतोस का? तुझ्या व्हिडिओतला आहे."

तो बघतच राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला. "ताई, आईची आन, मला ठावं न्हवतं."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतंस."

"इचारलं की! त्यांनी सांगितलं न्हाई." आणि मग तो माझ्याकडे वळला. चिडून नाही, अगदी गोंधळून. "काकी, तू खिडकीत हुतीस. मी बघितलं हुतं तुला. कुणाच्या कोंबडीवर अन्याव झाला तरी तू भांडतीस. तू कायच बोलली न्हाईस, म्हणून मला वाटलं, खरंच असंल."

हे मला आजही सोसत नाही. माझं गप्प बसणं म्हणजे मी बाजूला राहणं, असं मी समजत होते. पोरांनी ती माझी साक्ष धरली होती.

आम्ही दोघी आष्ट्याला गेलो. वीरधवल येतो म्हणत होता. संयोगिता म्हणाली, "नंतर ये, एकटा ये." बाबालालचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्याची बायको हमीदाभाभी पाटावर बसून एका मुलीचा हात भरत होती. बाबालाल मागे स्टुलावर बसून बांगड्यांना कागद गुंडाळत होता. आम्हाला बघून उठला. "या या आक्का. ताई, कवा आलीस? सासू कशी हाय?"

संयोगिता त्याच्यापुढे बसली आणि हात पुढे केला. "मामा, भरा."

त्याने हात मागे घेतले. "भाभी भरंल. मी सोडलं आता ते काम."

"दादा," मी म्हणाले. रस्ताभर जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "मी खिडकीत होते. मी बोलायला हवं होतं. चुकले मी."

"तुमी काय केलासा? लेकीचं नाव चौकात घेत न्हाईत. मी घेतलं न्हाई, तुमीबी घेतलं न्हाई. सारकंच झालं की."

सारखं नव्हतं. त्याने माझ्या मुलीसाठी मार खायची तयारी ठेवली होती आणि मी माझ्या भीतीसाठी त्याला उभं ठेवलं होतं. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "मी गावात सांगते सगळ्यांना. वीरधवलला कळलंय. तुम्ही गुरुवारी या."

"सांगा. पर मी न्हाई येत." तो थोडा वेळ हातातला कागद सरळ करत राहिला. "भ्यालोय म्हणून न्हाई, आक्का. चाळीस वर्सं हात धरलं, डोक्यात फकस्त माप असायचं. आता कुणाचा हात धरला की वाटतंय, लांबनं हे कसं दिसत असंल? असा इचार डोक्यात आला की बाईमाणसाचा हात धरू न्हाई."

संयोगिता उठली आणि हमीदाभाभीसमोर जाऊन बसली. पहिलीच बांगडी कट्कन वाजली. "वाढली," भाभी हळूच म्हणाली. तिच्या हाताला सराव नव्हता.

बाबालाल स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "अंगठ्याच्या मुळाशी दाब. वर न्हाई, खाली. ताई, तू मूठ सोड." मी त्याच्याकडे बघितलं. मांडीवर त्याच्या एका हाताने दुसरा हात धरला होता आणि अंगठ्याने मुळाशी हलकेच दाबत होता. "आता फिरव. थांब. आता ढकल."

बांगडी उतरली.

"बसली का?" त्याने न वळता विचारलं.

"बसली, मामा."