बिनमाफीचा फोन

"पुन्हा," मी म्हणाले. "आणि या वेळी माफी मागायची नाही."

आईने भाताचा पळा कानाला लावला, घसा साफ केला आणि ओट्यासमोरच्या भिंतीला कमरेतून वाकून नमस्कार केला. "हॅलो, मी तामाइ बोलतेय. ऐन कामाच्या वेळी त्रास देतेय, माफ करा, पण..."

"आई."

"आता काय झालं?"

"पहिल्याच वाक्यात मागितलीस."

"ती माफी नव्हती गं. ते आपलं दार वाजवल्यासारखं."

मी टोपलीतून कपडे वाळत घालायचा एक चिमटा उचलला आणि तिच्या एप्रनला लावला. दर माफीला एक चिमटा, असं ठरलं होतं. शनिवारच्या त्या सकाळी आमची चहाची भांडी विसळून व्हायच्या आत आई साळिंदरासारखी दिसायला लागली होती. मी समोर उशीवर ताठ बसून कार्ड कंपनीचा माणूस झाले होते. त्यासाठी बाबांचा एकुलता एक टायही घातला होता. बाबा मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत असतात. तिथे टाय कुणी घालत नाही, म्हणून तो कायम कपाटात लटकलेला असतो.

झालं होतं असं की, कुणीतरी आईच्या क्रेडिट कार्डावरून मोबाइलवरच्या एका गेममधली हिरेमाणकं विकत घेतली होती. हिरे खोटे, पैसे खरे. आणि थोडेथोडके नाहीत, तर आईच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या आसपास. आई प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. होडी वल्हवावी तसं लांब दांड्याचं उलथनं घेऊन ती रोज शेकडो मुलांची आमटी ढवळते. ते कार्डसुद्धा तिने हौसेने घेतलेलं नव्हतं. किराणा दुकानातली मुलगी कार्ड घ्या, कार्ड घ्या म्हणून मागे लागली होती आणि तिचं मन कसं मोडायचं म्हणून आईने घेतलं.

बिल बघून आईने कंपनीला फोन केला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता म्हणे. त्याने कार्ड लगेच बंद केलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, की घरात कुणी शाळकरी मूल आहे का. यावर माझ्या आईने काय सांगावं? आहे, मुलगी आहे, माझंच लक्ष कमी पडलं, आमच्या घरामुळे तुम्हाला एवढा त्रास झाला, माफ करा. थोड्या दिवसांनी त्याच माणसाचा फोन आला. घरच्याच व्यक्तीने वापर केलेला दिसतोय, तसं तुम्हीच बोललात, आणि घरच्या माणसाने खर्च केला तर भरपाई मिळत नाही. आई त्यालाही हो हो म्हणाली, वर माफी मागून मोकळी झाली. आणि गुपचूप हप्ते बांधून घेतले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळलं ते ओकुबोकाकूंकडून. त्या आईबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात असतात. त्यांच्या दिराची सुक्या मासळीची वखार आहे, आणि आईने बिलाची हकीकत सांगून रविवारी तिथे काही काम मिळेल का म्हणून त्यांना विचारलं होतं. मासळीबाजारात त्या मला भेटल्या आणि माझ्या पिशवीत डोकावून म्हणाल्या, "काय गं चिनात्सु, हिरे कुठे लपवलेस?"

मी हसले. त्या विनोद करतायत असं मला वाटलं.

"हसू नकोस. माझ्या नातवानेही असंच केलं होतं, त्याच्या बापाने महिनाभर मोबाइल काढून घेतला. वयच असतं तुमचं. पण आईला जरा मदत कर घरात. ती बिचारी एका शब्दाने बोलायची नाही तुला."

तिथून घरापर्यंतचा चढ मी सायकलवरून न उतरता चढले. एरवी अर्ध्यात दम लागतो.

आई तांदूळ धूत होती. मी दारातूनच विचारलं, "तुला वाटलं मी केलं?"

तिला लगेच कळलं कशाबद्दल ते. "नाही," ती म्हणाली.

"मग तसं का सांगितलंस त्यांना?"

"तसं कुठे सांगितलं? फक्त माफी मागितली."

"त्यांच्या लेखी ते एकच आहे."

"आपल्या घरातून कुणाला त्रास झाला की आधी माफी मागायची, चिनात्सु. कुणाचं चुकलं ते नंतर बघता येतं." तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे असतात, हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात तिने हे सांगितलं.

तिचा हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आठवीत मी जवळजवळ वर्षभर शाळेत गेले नाही. आजारी नव्हते, उनाडही नव्हते. कुणी छळत होतं म्हणावं तर तसंही नाही. गणवेश घालायचे, पायांत मोजे चढवायचे, आणि पाय दारापर्यंत जाऊन परत यायचे. मग मी रजईत शिरायचे आणि आई खोलीबाहेर उभी राहून वर्गशिक्षकांना फोन लावायची. आजही जमत नाहीये, तुम्हाला त्रास देतोय आम्ही, माफ करा. रोज. रजई कितीही जाड असली तरी ते ऐकू यायचं. मला वाटायचं, मी म्हणजे आईने लोकांची माफी मागायचं एक कारण आहे.

आता मी ती नाही, हे मला इथे मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतंय. आता मी अकरावीत आहे, दूरच्या शाळेत, आणि जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून जो आवाज येतो तो माझा असतो. हरवलेल्या छत्रीची घोषणा मी अशी करते की छत्रीलाही भरून यावं. गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांचं नाव चुकीचं वाचलं, सगळी शाळा हसली, आणि मीसुद्धा त्यांच्याबरोबर हसले. पूर्वीची मी असते तर त्यानंतर आठवडाभर रजईतून निघाले नसते.

म्हणून मी आईला सांगितलं. ओरडून नाही, घोषणेच्या आवाजात, शब्द सुटे सुटे करून. "मला पैशांचं काही नाही. पण त्यांच्या कागदावर मी चोर आहे. आणि ते तुझ्या तोंडून लिहिलं गेलंय."

आईने नळ बंद केला. बराच वेळ तिने हात पुसले. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.

"मग काय बोलायचं असतं?" ती म्हणाली. "मला शिकव."

खरं तर आधी मीच फोन करून पाहिला होता. आईसारखा जाड आवाज काढला, जन्मतारीख सांगितली, आणि पुढच्याच प्रश्नाला 'बाबांना विचारून सांगते' असं बोलून बसले. पलीकडच्या बाईंनी अतिशय नम्रपणे सांगितलं की कार्डधारकानेच बोलायला हवं. त्यामुळे पळा, टाय आणि चिमटे.

शेवटी टोपलीतले चिमटे संपले आणि मी खरा फोन तिच्या हातात दिला. स्पीकर चालू केला, दोघींच्या मध्ये चटईवर ठेवला. काय काय मागायचं ते मी मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या गुडघ्याजवळ ठेवलं होतं: पुन्हा चौकशी करा, गेमचं खातं कुणाचं ते बघा, पोलिसांत तक्रार देणार आहोत. वाट बघताना लागणारं पियानोचं संगीत संपता संपेना. आई गुडघ्यांवर बसली होती, पाठ सरळ, एप्रनभर चिमटे. मला हसू येत होतं.

फोनवर या वेळी एक बाई आल्या. आई भिंतीकडे वळून वाकली, तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवून थांबली. मग म्हणाली, "मी तामाइ फुमिए. माझ्या कार्डाबद्दल बोलायचंय."

मी टाळी वाजवणार होते. हात मांडीखाली दाबून धरले.

पहिली काही वाक्यं माझ्या कागदाबरहुकूम गेली. बाई ऐकून घेत होत्या, हं, हं, असं म्हणत होत्या. मग त्या म्हणाल्या की आमच्या नोंदीप्रमाणे घरातल्या मुलीचा उल्लेख आपणच केला होता.

"हो, केला होता," आई म्हणाली, आणि सवयीने पुढे, "त्याबद्दल माफ..." तिने माझ्याकडे पाहिलं. चिमटे संपले होते.

बाईंचा आवाज आणखी मऊ झाला. मुलं घाबरून सांगत नाहीत, असं बऱ्याच घरांत होतं, पालकांना कल्पनाच नसते. आपण मुलीशी एकदा शांतपणे बोलून बघावं.

मला वाटलं, संपलं. आता आई म्हणणार, हो, बोलते, तुम्हाला उगाच त्रास. मी टाय सैल करायला लागले. आईने खाली कागदाकडे पाहिलं. तिला हवं ते बहुतेक त्यात नव्हतं, कारण तिने मान वर केली आणि फोनकडे नाही, माझ्याकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"माझी मुलगी मागे एक वर्ष शाळेत जात नव्हती. मी रोज सकाळी शाळेला फोन करून माफी मागायचे. तिने काही केलं होतं म्हणून नाही. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं म्हणून. तुमच्या माणसाशीही मी तशीच बोलले, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांची चूक नाही, पण लिहिलंय ते खरं नाही. हे तिने केलेलं नाही."

"पण आपल्याला खात्री..."

"मी तिला ओळखते." आईचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला, मोठ्या पातेल्यातली आमटी उकळायच्या आधी गप्प होते तसा. "तुमच्याकडे जिथे जिथे तिच्याबद्दल लिहिलं असेल, ते आधी काढा. पैशांचं त्यानंतर बोलू."

पलीकडून 'जरा थांबा' आलं. मग पुन्हा पियानो. आई हलली नाही, मीही नाही. शेजारच्या घरात कुणीतरी रजया झोडपत होतं, तो धप धप आवाज तेवढा येत होता.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यातला मऊपणा गेला होता आणि त्या एकदम माणसासारख्या बोलायला लागल्या. आधीची नोंद रद्द करते म्हणाल्या. नव्याने चौकशी होईल, गेमच्या कंपनीकडून खात्याची माहिती मागवतील, पोलिसांत तक्रार दिली की तिचा क्रमांक कळवा, तोवर हप्ते कापले जाणार नाहीत. आणि शेवटी म्हणाल्या, "आमच्या नोंदीमुळे आपल्याला आणि आपल्या मुलीला मनस्ताप झाला. माफ करा."

आईचे ओठ हलले. तिच्या ओठांवर काय आलं होतं ते मला दिसत होतं: छे छे, चूक माझीच, उलट तुम्हालाच त्रास.

"ठीक आहे," आई म्हणाली.

फोन ठेवला. मग ती एकेक चिमटा काढून टोपलीत टाकत म्हणाली, "पाय बधिर झालेत माझे." ती उठायला गेली आणि कोलमडली, मी तिला धरायला गेले आणि मीही कोलमडले, आणि चटईवर पडल्या पडल्या आम्ही इतक्या हसलो की रजया झोडपणं थांबलं.

पुढे तक्रार झाली, आणखी फोन झाले, एक अर्ज दोनदा भरावा लागला. ते हिरे दूरच्या कुठल्याशा शहरातून कुणा तिऱ्हाईताने घेतले होते हे निघालं. आईच्या कार्डाचा नंबर त्याला कसा मिळाला ते मात्र आजपर्यंत कळलेलं नाही. डोंगरावरची संत्री पिवळी पडायला लागली तेव्हा ती रक्कम बिलातून वजा झाली. ओकुबोकाकूंना आईने स्वतःच सांगितलं, आमटी ढवळता ढवळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. काकूंनी मला सुक्या मासळीचं एक पुडकं पाठवलं, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून माशाच्या तळलेल्या वड्या आणल्या. गरम गरम, कागदातून तेल झिरपत होतं. भात, किसलेला मुळा आणि त्या वड्या. आमच्या घरात ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. तू घे, नको तू घे, असं होतं, मग तो गार होतो, कडेने वाळतो, आणि संध्याकाळी आई तो चिरून सूपमध्ये टाकते. त्या दुपारीही एक वडी उरली. मी 'तू घे' म्हणायला तोंड उघडलं.

त्याआधीच आईने जेवायच्या काड्या पुढे केल्या, वडी उचलली, मुळ्याच्या किसात नीट दोन्ही बाजूंनी बुडवली, आणि खिडकीबाहेर बघत, अजिबात घाई न करता, सगळी खाल्ली.