दोरीवाचून सुखीबाई

दिग्रसच्या इंद्रजित फोटोग्राफरला संगणकावर फोटो सजवायचं वेड लागलं ते कापसाच्या वाईट वर्षांत. लग्नं आटोपशीर होऊ लागली, स्टुडिओत माशा मारत बसायची वेळ आली आणि रिकामा हात माउसवर गेला. गेला तो गेलाच! नवरदेवांना त्याने काश्मिरात नेऊन उभं केलं, एका पुढाऱ्याच्या टकलावर केस उगवले. कुणी अडवणारं नव्हतं, हीच पंचाईत.

त्या हंगामात कापसाच्या जिनिंग गिरणीसमोर कापसाच्या गाड्या चार-चार दिवस खोळंबायच्या. ताटकळलेल्या शेतकऱ्यांपुढे एका दुपारी डोंबाऱ्याचा खेळ झाला. सुखीबाई दोरीवर, आणि तिचा नवरा रामधन खाली. गळ्यात ढोलकं, मान वर, तिच्या पावलांबरोबर पाऊल टाकत. तोल गेलाच तर झेलायला. खेळ संपल्यावर शेतकऱ्यांनी जवळ होतं ते दिलं, मूठ-मूठ कापूस.

इंद्रजितने खेळाचे फोटो काढले होते; त्यातल्या दोरीवरच्या फोटोचं सोनं करायचं त्याने ठरवलं. आधी दोरी पुसली, मग बांबू, मग गाड्या, शेवटी रामधनही. सुखीबाईच्या पावलांखाली पांढरेशुभ्र ढग अंथरले आणि बाई आभाळात चालू लागली. दुकानाच्या काचेत तो फोटो लागला, गाव बघायला लोटलं. आनंदाच्या भरात त्याने मूळ फोटोवरच नवा जतन केला आणि कॅमेऱ्याचं कार्डही पुसून टाकलं.

वर्षभराने सुखीबाई दुकानाच्या पायरीशी आली. कपाळ मोकळं होतं.

"भाऊ, माह्या पायलचा बाप गेला. तापानं. त्याचा एकबी फोटो नाही आमच्यापाशी. लहानी पोरगी हाये, बापाचं तोंड इसरून राह्यली. तुमी तवा काढलता ना?"

इंद्रजितने काचेकडे बोट केलं आणि तसंच खाली घेतलं.

सुखीबाईने काचेशी जाऊन फोटो पाहिला. "यात तं मी एकलीच हाये. तो कुठं गेला? आन् दोरी कायले पुसली, भाऊ? दोरी नाही तं त्यात माहं काय राह्यलं?"

"चुकलं माझं, बाई," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिला खुर्ची देऊन तो एकेक सीडी घालून बघू लागला. रामधन कशातच नव्हता. मग अचानक त्याला आठवलं, ढग त्याने कुठून आणले होते ते.

'ढग' नावाची फाइल उघडली. रामधन! मिळालेला कापूस धोतराच्या सोग्यात धरून, तो कॅमेऱ्याला दाखवत, तंबाखूने रंगलेले दात काढून खदखदा हसणारा. इंद्रजितने त्यातला नुसता कापूस कापून घेतला होता, तोंडाकडे पाहिलंही नव्हतं. त्याने मनोमन हात जोडले आणि फोटो छापला.

सुखीबाईने रामधनच्या गालावरून बोट फिरवलं. "लई उपकार झाले, भाऊ. आता पोरीले बाप दाखवतो."

"उपकार तुमचे, बाई. रागावल्या नाहीत." मग त्याने काचेकडे हात केला. "ते ढग आहेत ना, ते याच कापसाचे. याच्या हातातल्या."

तिने एकदा हातातल्या रामधनकडे पाहिलं, एकदा काचेतल्या स्वतःकडे. भरल्या डोळ्यांनी हसली.

"म्हंजे खालीच होता म्हना तो. मी म्हनलंच, दोरी नाही तं मी पडली कशी नाही."