साखळी सोडलेली कडबाकुट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कडबाकुट्टी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण माकणीजवळच्या आमच्या गावच्या संग्रहालयात जो तो मला रसवंतीचं यंत्र समजतो. ऊस कुठला आलाय! ज्वारीचा कडबा बारीक कापून जनावरांपुढं टाकणं, हे माझं काम.

सोलापूरच्या बाजारातून विरुपाक्षअप्पांनी मला बैलगाडीत घालून आणलं. माझ्या तोंडात दातेरी रूळ आहेत, ते कडबा आत ओढतात. पुढं मोठं चाक, आणि चाकाला दोन पाती. अप्पा चाक फिरवायचे, त्यांची बायको शिवम्मा पेंढी आत सारायची. चाक हलवायच्या आधी अप्पा विचारायचे, "हात?" शिवम्मा म्हणायची, "भाईर!" मगच चाक हलायचं. आमच्या भागात घरोघरी हीच रीत. काम संपलं की चाकाला साखळी बांधायची. अप्पा मला घरची लक्ष्मी म्हणायचे बरं का! पुढं मोटारीची कुट्टी आली आणि या लक्ष्मीवर कोंबड्या बसायला लागल्या. लई वाईट वाटलं मला.

मग मी संग्रहालयात आले. परवा खंडेनवमी झाली, अवजारांच्या पूजेचा दिवस. राखणदार बलभीमभाऊंनी साखळी सोडून मला धुतलं, पाती घासून लखलखीत केली, तेल लावलं, हळदीकुंकू वाहिलं, तोंडावर झेंडूची माळ सोडली. सगळं मनापासून केलं, आणि साखळी परत बांधायची तेवढी विसरले.

दोनच दिवसांनी समृद्धी आणि तिचा धाकटा भाऊ कुमार मला बघायला आले.

"ताई, हे काय असंल गं?"

"ऊस पिळायचं असंल. थांब, आत हात घालून बघते."

तिनं माळेखालून हात घातला, पार रुळापर्यंत.

अगं बये, काढ हात! मला ओरडता आलं असतं तर सारा गाव गोळा केला असता. तिकडं कुमारनं चाकाची मूठ धरली. ताई आत चाचपण्यात दंग, आणि यानं दिला रेटा. तेल पाजलेलं चाक सरकलं. रूळ कुरकुरले. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

एवढ्यात त्यांची अयोध्याआत्या दारातून आत आली. तिनं पाती पाहिली आणि मला ओळखलं. ती किंचाळली नाही. गोठ्यात विचारतात तसं खणखणीत विचारलं, "हात?"

"भाईर!" समृद्धी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात बाहेर आलासुद्धा. घरी मोटारीच्या कुट्टीवर रोज हेच म्हणणारी पोर ती.

खच्च! माळ आत ओढली गेली आणि पलीकडं झेंडूचा चुरा पडला.

कुमार भोकाड पसरून रडायला लागला. समृद्धी त्या चुऱ्याकडं बघत राहिली. "आत्या, ही तर आपल्या घरच्यासारखी कुट्टीच हाय," ती हळूच म्हणाली. आत्यानं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

बलभीमभाऊ धावत आले. "चुकलं ओ ताई, साखळी बांधायची राह्यली माझी."

"मग आधी ती बांधा भाऊ, बाकीचं मागनं," आत्या म्हणाली.

मित्रांनो, जुन्या अवजारांना पुसा, तेल लावा, फुलंही वाहा. पण त्यांची साखळी परत बांधा. आणि कधी माझ्यासारखीची मूठ धरलीच, तर आधी विचारा, "हात?" उत्तर येईपर्यंत तुम्ही थांबा. मला थांबता येत नाही.